भरवशाचं काडतूस

शंकेखोर : अमेरिकेतल्या पिस्तूल नेमबाजांचा एक उद्योग मला कधी पटलेला नाही. मैदानावर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, घरातल्या टेबलावर प्रेस ठोकून बसवायचं, त्यात नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी घालून पुन्हा काडतूस भरायचं. आणि ते पिस्तुलात अडकलं की महिनोन्महिने त्याचं कारण शोधत बसायचं. तिथल्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असली तरच लागतो. म्हणून हे सगळं उघड चालतं. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायलाच परवाना हवा, तेव्हा हा वाद अमेरिकेतल्या टेबलांपुरताच ठेवू.) माझी हरकत कायद्याला नाही, खर्च वाचवण्यालाही नाही. हरकत आहे ती दुरुस्तीच्या दाव्याला. एक काडतूस अडकलं, माणसाने प्रेसवरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला, पुढची पन्नास काडतुसं सुरळीत उडाली, आणि तो म्हणतो की दोष सापडला. सापडला कशावरून? कदाचित दोष दुसऱ्याच जागी असेल आणि तो त्या पन्नासांत उगवलाच नसेल. पिस्तुलं बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवतात की पुन्हा भरलेली काडतुसं वापरलीत तर आमची हमी संपली. त्यांना ग्राहकाशी वैर नाही. एकाच टेबलावर, वेगवेगळ्या कारखान्यांच्या, किती वेळा वापरल्या आहेत ते ठाऊक नसलेल्या पुंगळ्यांतून निघालेल्या मालाबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. माझंही तेवढंच आहे.

हौशी : तुमचा आक्षेप 'अडकलं' या एका शब्दात सगळं कोंबतो, आणि दुरुस्ती फसते ती नेमकी तिथेच. पिस्तूल एका बारामागे पाच-सहा कामं करतं : मॅगझिनमधून काडतूस वर उचलतं, उतारावरून चेंबरमध्ये ढकलतं, स्लाईड पूर्ण मिटवतं, पिन प्रायमरवर आपटतं, रिकामी पुंगळी ओढून काढतं आणि बाहेर फेकतं. कुठल्या कामात खोळंबा झाला ते आधी पाहायचं. स्लाईड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिली असेल तर दारूला दोष देण्यात काही अर्थ नाही, कारण दारूपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नसते. घरी भरलेल्या काडतुसांच्या तक्रारींतला मोठा भाग या पहिल्या टप्प्यातला असतो, म्हणजे आकाराचा असतो. गेओर्ग लुगरने 1902 च्या सुमाराला जर्मनीत घडवलेलं 9 मिलिमीटरचं काडतूस घ्या. त्याची पुंगळी किंचित निमुळती आहे, बुडाशी साधारण 9.93 मिमी, तोंडाशी 9.65. चेंबरमध्ये ती थांबते ती तोंडाच्या कडेवर. रिव्हॉल्व्हरचं .38 स्पेशल काडतूस बुडाच्या रुंद काठावर टेकून थांबतं, म्हणून तिथे पुंगळीचं तोंड आत वळवून गोळीत रुतवलं तरी बिघडत नाही. रिव्हॉल्व्हरची सवय घेऊन आलेला माणूस 9 मिमीच्या बाबतीत तेच करतो आणि ज्या कडेवर काडतूस टेकायचं तीच कड नाहीशी करतो. उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची आहे. गोळी बसवण्याआधी पुंगळीचं तोंड जरा फुलवावं लागतं, नाहीतर गोळी तिरकी बसते किंवा तिची साल निघते. ते फुललेलं तोंड प्रेसवरच्या शेवटच्या डायने, म्हणजे साच्याने, पुन्हा सरळ करायचं असतं. सरळ करायचं, आवळायचं नाही. ते अर्धवट राहिलं की काडतूस चेंबरच्या तोंडाशीच घासतं आणि स्लाईड मिटत नाही. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून नळी काढा, काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते टपकन आवाज करत तळाला गेलं, बोटाने फिरवलं तर मोकळं फिरलं आणि नळी उलटी केल्यावर आपसूक खाली पडलं, तर आकार बरोबर. न फिरता अडलं तर त्याच्यावर मार्कर फासून पुन्हा घाला. शाई कुठे खरवडली ते बघा. तोंडाशी खरवडली असेल तर फुलवट शिल्लक आहे. गोळीच्या खांद्यावर रेघा असतील तर काडतूस लांब झालंय, गोळी नळीच्या खाचांना टेकतेय. बुडाशी खरवडली असेल तर पुंगळी खालून फुगलेली आहे आणि आकार देणारी डाय तिथपर्यंत पोहोचलेली नाही. तीन खुणा, तीन कारणं, तीन वेगळे उपाय. तुम्ही म्हणता तो पाव फेरा यात कुठे आंधळा आहे?

शंकेखोर : असा आंधळा नाही, मान्य. पण तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा दडलाय. हीच कसोटी तुमच्या नळीत पार झालेलं काडतूस शेजाऱ्याच्या नळीत अडतं. चेक बनावटीच्या सीझेड पिस्तुलांत खाचा चेंबरच्या तोंडापासून फार लवकर सुरू होतात, हे तिकडच्या भरणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्या पिस्तुलात बिनबोभाट चाललेली लांबी तिथे चालत नाही, गोळी आणखी आत बसवावी लागते. उत्पादकांच्या मापसंस्थेच्या मापांत 9 मिमीच्या एकूण लांबीची कमाल मर्यादा 29.69 मिमी आहे. नवखा माणूस ती मर्यादा म्हणजे शिफारस समजतो आणि टोकदार गोळीसाठी ठीक असलेली लांबी जाड खांद्याच्या गोळीला लावतो. बाजारात मिळणारा पोलादी गेज घेतला तरी तो मापसंस्थेच्या चेंबरचा असतो, तुमच्या पिस्तुलाच्या नव्हे. म्हणजे भरवसा हा काडतुसाच्या अंगचा गुण नाहीच. तो एका नळीत आणि एका गोळीत जमलेला मेळ आहे, आणि नळी बदलली, गोळीचा साचा बदलला, नवा डबा फोडला की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय दुरुस्तीतून नवा बिघाड जन्मतो. गोळी सैल वाटली की लोक डाय आणखी आवळतात. पितळ दाबलं की थोडं मागे उसळतं, शिसं उसळत नाही. म्हणजे जास्त आवळल्यावर आतलं शिसं चेपलेलंच राहतं, भोवतालचं पितळ तेवढं मागे सरकतं, आणि पकड होती त्याहून सैल होते. उपाय म्हणून केलेल्या गोष्टीने रोग वाढतो आणि माणूस अजून पाव फेरा फिरवतो.

हौशी : पकड पुंगळीला आकार देणाऱ्या आणि तोंड फुलवणाऱ्या डायमधून येते, शेवटच्या आवळण्यातून नाही, हे ज्याला कळलं तो त्या चक्रात सापडत नाही. आणि मेळाचा तुमचा मुद्दा मी माझ्याच बाजूने वापरीन. कारखान्याला जगातल्या प्रत्येक नळीत जाईल असं काडतूस काढावं लागतं. मला एकाच नळीची चिंता आहे. पण आकाराच्या पुढे जाऊ, कारण खरा तिढा प्रायमरपाशी आहे. चाप ओढला, पिन आपटल्याचा आवाज आला, बार उडाला नाही. अशा वेळी मैदानाचा नियम असा की पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार उशिराही उडू शकतो. मग काडतूस काढून प्रायमरवरचा ठसा बघायचा. ठसा उथळ असेल तर पिस्तुलाकडे बघा. खोल असेल आणि तेच काडतूस दुसऱ्या आघाताला उडत असेल, तर बरेच लोक प्रायमर बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देतात; दोष बहुधा भरणाऱ्याच्या हाताचा असतो. प्रायमरमध्ये एक वाटी, तिच्यात स्फोटक लेप आणि त्यावर तीन पायांची किंवा दोन पायांची बारीक ऐरण असते. ते पाय पुंगळीतल्या प्रायमरच्या खाचेच्या तळाला टेकले तरच लेप ऐरण आणि वाटीमध्ये चिरडला जातो. प्रायमर वर राहिला तर पहिला आघात त्याला आत बसवण्यातच जातो. भिंतीत सैल बसलेल्या खुंटीवरच्या पहिल्या घावासारखं. दुसऱ्या आघाताला तो उडतो. म्हणून प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीखाली, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा आत असायला हवा, आणि हे प्रत्येक काडतुसावरून बोट फिरवून कळतं. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर निसटू नये म्हणून त्या खाचेची कड दाबलेली असते. ती कड न काढता नवा प्रायमर रेटला की तो तिरका किंवा उंच बसणारच. आता दुसरी बाजू. स्पर्धेतले नेमबाज चाप हलका व्हावा म्हणून पिस्तुलातली स्प्रिंग बदलतात. फेडरलचे प्रायमर मऊ म्हणून प्रसिद्ध, त्यांच्यावर ती हलकी स्प्रिंग चालते. मग 2020 नंतरच्या टंचाईत प्रायमर मिळेनासे झाले, मिळेल त्या कंपनीचे, कठीण वाटीचे घ्यावे लागले, आणि तेच पिस्तूल ठेच खाऊ लागलं. इथे काडतूस निर्दोष आहे. ते ठरवायची रीत साधी : कारखान्याची काडतुसं त्याच पिस्तुलात उडवा, आपली काडतुसं मूळ स्प्रिंगच्या दुसऱ्या पिस्तुलात उडवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की निकाल वाया.

शंकेखोर : रीत बरोबर आहे, तिची मर्यादा तुम्ही सांगत नाही. प्रायमर उडवल्याशिवाय तो उडेल की नाही ते कळत नाही, आणि उडवल्यावर तो उरत नाही. ज्या वस्तूची अंतिम परीक्षा तिचा नाश करते तिच्या बाबतीत तुमच्या हाती नमुनाच फक्त राहतो, आणि नमुन्याचं गणित निर्दय आहे. समजा तुम्ही दुरुस्तीनंतर 300 काडतुसं उडवलीत आणि एकही अडलं नाही. तुम्ही खूश. संख्याशास्त्रातला ढोबळ नियम सांगतो की शून्य बिघाड आढळले तर तीनला नमुन्याच्या संख्येने भागा; 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण त्याहून कमी आहे. 300 बार म्हणजे शंभरात एक. शंभरात एक म्हणजे एका सामन्यात एक-दोन वेळा खोळंबा. हजारात एकाहून कमी असं म्हणायचं तर सलग 3000 बार उडवावे लागतील, आणि मधे पुंगळ्यांचा ढीग, प्रायमरचा डबा, डायची बैठक यातलं काहीही बदलता कामा नये. ते तर बदलतच असतं! कोल्हापूरच्या मुली-मुलांकडे बघा. राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल तीन पोझिशनमध्ये कांस्य. दोघांच्याही प्रकारात .22 चं काडतूस लागतं, ज्याचा प्रायमरचा लेप पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, आणि ते घरी पुन्हा भरता येत नाही. तिथे उच्च दर्जाचे नेमबाज काय करतात? कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांचे नमुने आपल्याच नळीतून उडवून बघतात आणि जी खेप जमेल तीच एकगठ्ठा घेतात. तो शोध अचूकतेसाठी असतो हे खरं, पण त्यामागची कल्पना लक्षात घ्या. एका दिवशी, एका यंत्रावर, एकाच कच्च्या मालातून निघालेली खेप असेल तरच नमुन्यावरून बाकीच्यांबद्दल बोलता येतं. आपल्या खडकीची 1869 पासूनची दारूगोळा फॅक्टरी घ्या किंवा अमेरिकेतली कुठलीही, खेपेचा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. तुमच्या टेबलावर खेप असते का? दहा कारखान्यांचे ठसे असलेल्या पुंगळ्या, काहींच्या भिंती जाड, काहींच्या पातळ. तुमची प्रत्येक पुंगळी ही स्वतंत्र खेप आहे.

हौशी : आकडा खरा आहे, पण तो कोणत्या परिस्थितीत लागू होतो ते बघा. 'तीन भागिले नमुना' हा नियम कारणाबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या माणसाचा नियम आहे. बाहेरून एक बंद खोकं दिसतंय, त्यातून काय येईल ते मोजत बसलोय, असा तो माणूस. ज्याला माहीत आहे की खोळंबा फुललेल्या तोंडामुळे होत होता, त्याला 3000 बारांची गरज नाही. त्याला प्रत्येक काडतूस नळीत सोडून बघायची गरज आहे, आणि त्यात काडतूस खर्च होत नाही. कारखाना नमुना तपासतो, मी शंभरातली शंभर तपासतो. आकार, लांबी, प्रायमरची खोली, गोळीची पकड, या चार गोष्टी न उडवता तपासता येतात. पकड बघायची तर काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोर देऊन दाबायचं, आधी आणि नंतर कॅलिपरने लांबी मोजायची. गोळी आत सरकली तर पितळाने धरलेली नाही. पुंगळ्या ठशाप्रमाणे वेगळ्या केल्या तर तुमची खेपही तयार होते, त्याला फक्त एक दुपार लागते. राहिला प्रायमरचा लेप. तो मी बनवत नाहीच, तो कारखान्याचाच असतो, खेपेच्या क्रमांकासह. एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची प्रायमरची रचना अमेरिकेने उचलली आणि हायरम बर्डन या अमेरिकनाची युरोपने, हा इतिहासाचा गमतीचा उलटफेर. पण बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच भोक असल्यामुळे वापरलेला प्रायमर सुईने ढकलून काढता येतो, आणि घरी भरणं शक्य झालं ते या एका भोकामुळे. आगीचा भाग कारखान्याचा, आकाराचा भाग माझा. मग माझ्या भागावर तुम्ही कारखान्याहून कमी विश्वास का ठेवता?

शंकेखोर : कारण एक तिसरा भाग आहे आणि तो तुम्ही मोठ्या शिताफीने वगळलात. दारू. गोळी बसली की ती दिसत नाही. तयार काडतूस तोलून बघावं म्हटलं तर सरमिसळ पुंगळ्यांच्या वजनात जो फरक असतो तो पिस्तुलाच्या काडतुसातल्या दारूच्या वजनाच्या बरोबरीला येऊ शकतो. तराजू काही सांगत नाही. दारू पडलीच नाही तर काय होतं? प्रायमर एकटा गोळीला पुंगळीतून काढून नळीत ढकलतो आणि तिथेच सोडतो. आवाज टिचकीसारखा, झटका जवळपास नाही, स्लाईड हलत नाही. दिसायला हा सगळ्यांत क्षुल्लक खोळंबा, फुसका बार. आणि स्पर्धेतल्या नेमबाजाला खोळंब्याची जी प्रतिक्रिया घोटून घोटून शिकवलेली असते ती कोणती? मॅगझिनला खालून थाप, स्लाईडला मागे झटका, पुन्हा चाप. एका सेकंदात. म्हणजे अडकलेल्या गोळीमागे पूर्ण भरलेलं काडतूस. 9 मिमीच्या काडतुसाला 35,000 पीएसआय इतक्या कमाल दाबाची मर्यादा आहे. बंद नळीत त्याचं काय होईल ते कुणी मोजत नाही, नळी फुगलेली किंवा फाटलेली दिसते. तुमची सगळी रीत खोळंबा हा एक निरोप आहे असं मानते, जो वाचून कारण शोधायचं. पण सर्वांत धोक्याचा बिघाड सर्वांत किरकोळ बिघाडाच्या वेषात येतो, आणि दुरुस्तीची सवयच तिथे घात करते. दुप्पट दारू पडली तर उलट दिशेने तेच. जलद जळणारी पिस्तुलाची दारू पुंगळीच्या निम्म्याहून कमी जागा घेते, दुप्पट पडली तरी सांडत नाही. आणि गोळी आत सरकण्याला तुम्ही 'पकड बघितली' म्हणून निकालात काढलंत. तेच काडतूस चेंबरमधून काढून पुन्हा-पुन्हा भरलं की गोळी दर वेळी उतारावर आपटते. एवढ्याशा पुंगळीत जागा जराशी कमी झाली तरी दाब त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून पुष्कळ वाढतो. .40 एसअँडडब्ल्यू हे काडतूस त्यासाठी बदनाम आहे. या तीनही गोष्टी नळीत सोडून बघण्याच्या तुमच्या परीक्षेत पूर्ण गुणांनी पास होतात.

हौशी : इथे मी तुमच्याशी भांडणार नाही, पण हताशही होणार नाही. दारूचा भाग बसवल्यानंतर दिसत नाही, बसवण्याआधी दिसतो. म्हणून सगळी शिस्त त्या एका क्षणावर आहे : गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत नजर गेली पाहिजे. प्रेसवर थेट पुंगळीत पडेल असा दिवा लावायचा. दारू निवडताना अशी फुगीर निवडायची की दुप्पट पडली तर पुंगळीबाहेर सांडून टेबलावर दिसेल. आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर दारूची पातळी तपासणारी डाय बसवता येते. आणि चुका बहुतेक होतात त्या व्यत्ययानंतर. पुंगळी अडली, दांडा मधेच थांबला, फोन आला, प्रेसची तबकडी हाताने एक घर पुढे ढकलली गेली. अशा वेळी तबकडीवरचं सगळं काढून पहिल्यापासून सुरू करायचं. शहाणे असंच करतात. पण मला तुमच्यापुढे एक उलटा पुरावा ठेवायचा आहे, कारण खोळंब्यांचं एक मोठं कारण टेबलावर नसून हौसेत असतं. अमेरिकेतल्या यूएसपीएसए स्पर्धेत गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणाकार करतात, हजाराने भागतात. 'मायनर' गटासाठी किमान 125 यावं लागतं. झटका कमी हवा म्हणून प्रत्येक जण 125 च्या जेमतेम वर राहायला बघतो. 147 ग्रेनची गोळी 860 फुटांनी गेली तर 126 च्या थोडं वर. एवढ्या मवाळ बाराला कारखान्याची स्प्रिंग जड पडते, स्लाईड पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकते. मग लोक स्प्रिंग हलकी करतात. हलकी स्प्रिंग पुढचं काडतूस जोराने ढकलत नाही. मग स्लाईड मिटत नाही. आणि दोष आकाराचा समजून ते पुन्हा डायकडे वळतात. हा बिघाड निष्काळजीपणातून आलेला नाही, हव्यासातून आलेला आहे. स्वतःच काठावर जाऊन उभं राहिलेल्या माणसाने तोल का जातो हे विचारू नये. काठापासून दोन पावलं मागे, म्हणजे भरणीच्या पुस्तकातल्या मधल्या पल्ल्यात राहिलं, तर घरी भरलेलं काडतूस कारखान्याच्या काडतुसासारखंच निमूटपणे चालतं.

शंकेखोर : तुम्ही म्हणता तसं चालेलही. पण मग तुमच्या दाव्याची मांडणी बदलते. सुरुवातीला तुम्ही म्हणत होतात की बिघाडाचं कारण शोधता येतं. आता कळतं की ते तीन दर्जांचं आहे : आकाराचं कारण प्रत्येक काडतुसावर तपासता येतं, दारूचं फक्त एका क्षणी आणि फक्त डोळ्यांनी तपासता येतं, प्रायमरच्या लेपाचं तपासताच येत नाही. पहिल्या बाबतीत घरचा माणूस कारखान्याच्या वर जाऊ शकतो हे मी मान्य करतो. सुरुवातीला करत नव्हतो. दुसऱ्या बाबतीत तो स्वतःच्या लक्षाएवढाच चांगला आहे, आणि रात्री दहानंतर तीनशेव्या पुंगळीपाशी कुणाचंही लक्ष पहिल्या पुंगळीएवढं नसतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायचा तो अशाच वेळी. म्हणून सामन्यात घरी भरलेलं काडतूस ठीक. तिथे खोळंब्याची किंमत काही गुण आहे. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे तिथे मी ते धरणार नाही.

हौशी : मी धरीन की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कारखान्याच्या खोक्यातून काढलेलं काडतूस कुणीही माझ्या नळीत सोडून बघितलेलं नसतं, आणि त्याच्या आतली दारूही मला दिसलेली नसते. त्यांच्या यंत्राचं लक्ष तीनशेव्या पुंगळीपाशी ढळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं, पण यंत्र ढळलं तर ते हजार पुंगळ्यांपर्यंत एकसारखं ढळतं. तोलायला सोपं नाही. एका गोष्टीवर मात्र आपलं दोघांचं जमतं, आणि ती काडतूस घरचं असो वा दुकानातलं, सारखीच लागू आहे. आवाज बारीक आला किंवा हाताला झटका नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर स्लाईडला झटका देऊ नका, घड्याळ चालू असलं तरी नाही. पिस्तूल लक्ष्याकडे रोखून थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळी बाहेर काढा आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा.